खरं असेल, पण पुरावा कशाचा?

निकालांचा हंगाम आला की ठाण्याच्या गोखले रोडवर, डोंबिवलीच्या फडके रोडवर आणि कल्याण स्टेशनच्या बाहेर फ्लेक्सच फ्लेक्स लागतात. पासपोर्ट आकाराचे चाळीस-पन्नास चेहरे, प्रत्येकाखाली टक्के किंवा रँक, आणि वर ठसठशीत अक्षरांत क्लासचं नाव. दावा मात्र फ्लेक्सवर कुठेही थेट लिहिलेला नसतो. ‘आमच्याकडे आलात तर तुम्हीही इथे झळकाल’ हे वाक्य वाचणाऱ्याने मनातल्या मनात पूर्ण करायचं असतं. चेहरे खरे आहेत, टक्केही खरे आहेत असं धरून चालू. तेवढ्यावरून क्लास चांगला आहे असं म्हणता येईल का?

त्यासाठी फ्लेक्सवर नसलेला एक आकडा लागतो. एकूण किती मुलं त्या क्लासला बसली होती? पन्नास चेहरे साठांतले असतील तर गोष्ट वेगळी, दोन हजारांतले असतील तर वेगळी. दुसरा प्रश्न पालक सहसा विचारत नाहीत: ही मुलं क्लासला येण्याआधी कशी होती? आधीच नव्वदच्या वर असलेल्यांनाच घेणाऱ्या बॅचमधून नव्वदवालेच बाहेर पडले, तर क्लासने नेमकं काय केलं? आणि तिसरा प्रश्न, ती मुलं क्लासमध्ये होती तरी किती दिवस?

हा तिसरा प्रश्न केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने खरोखरच विचारला. यूपीएससीत निवड झालेल्यांचे फोटो मिरवणाऱ्या अनेक संस्थांना प्राधिकरणाने दंड ठोठावला. तपासात दिसलं ते असं, की फोटोतल्या पुष्कळ उमेदवारांनी त्या संस्थेत फक्त मुलाखतीच्या तयारीचा कार्यक्रम केला होता, तोही बऱ्याचदा फुकटचा. पूर्व आणि मुख्य परीक्षेचे डोंगर ते आधीच चढून आले होते. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी प्राधिकरणाने कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी उमेदवाराचं नाव किंवा फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर घेतलेली त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ केला हेही जाहिरातीत सांगायला हवं.

यातली गंमत अशी, की त्या फ्लेक्सखालून जिना चढून मुलं वर वर्गात जातात तेव्हा तिथे त्यांना हाच विषय शिकवला जातो: दिलेला पुरावा दाव्याला पुरतो का. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत २०१३ पासून दुसरा पेपर आला, ज्याला सगळे सीसॅट म्हणतात: ८० प्रश्न, २०० गुण. यूपीएससीने तो २०११ मध्येच आणला होता. बँकांच्या परीक्षा, एमबीएची सीईटी, वकिलीसाठीची क्लॅट, परदेशी जाणाऱ्यांची जीमॅट, सगळीकडे या जातीचे प्रश्न असतात. ‘विधान आणि युक्तिवाद’, ‘सबळ की दुर्बळ’, ‘गृहीतक ओळखा’, ‘दाव्याला बळकटी देणारा पर्याय निवडा’ अशी त्यांची निरनिराळी नावं. ठाण्यात महापालिकेने १९८७ मध्ये स्पर्धापरीक्षांसाठी स्वतःची प्रशिक्षण संस्था सुरू केली, तिला चिंतामणराव देशमुखांचं नाव आहे. देशमुख १९१८ साली आयसीएस परीक्षेत पहिले आले. त्यांच्या वेळी चारांतला एक गोल काळा करून मोकळं होण्याची सोय नव्हती, सगळं लिहून पटवावं लागे. आताच्या उमेदवाराला पूर्वपरीक्षेत लिहावं लागत नाही. दुसऱ्याने मांडलेलं कितपत पटण्याजोगं आहे हे त्याला दीड मिनिटात ताडावं लागतं, आणि ते सोपं आहे असं मला तरी वाटत नाही.

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. आधी तीन-चार ओळींचा उतारा, त्यात एक दावा. मग विचारणा: पुढीलपैकी कोणते विधान, खरे मानल्यास, या दाव्याला सर्वाधिक बळकटी देते? यातलं ‘खरे मानल्यास’ बहुतेक जण डोळ्यांनी वाचतात आणि सोडून देतात. मग चारही पर्यायांत खरा कोणता याचा शोध सुरू होतो. आपल्याला आधीपासून ठाऊक असलेला, पटणारा, किंवा उताऱ्यातलेच शब्द पुन्हा वापरणारा पर्याय जवळचा वाटतो. परीक्षकाने तर चारही विधानं खरी आहेत असं सुरुवातीलाच देऊन टाकलेलं असतं. त्याला जाणून घ्यायचं असतं ते एवढंच, की त्या खऱ्या विधानाचा दाव्याशी काही संबंध लागतो का.

तो लागतो की नाही हे पाहायला एकच प्रश्न पुरतो: दावा खोटा असता, तरी हे विधान असंच खरं राहिलं असतं का? राहिलं असतं, तर ते विधान कितीही खरं असो, त्या दाव्यापुरतं निरुपयोगी.

कल्याणचा पत्री पूल घेऊ. रेल्वेमार्गावरचा, शंभरी ओलांडलेला हा ब्रिटिशकालीन पूल १८ नोव्हेंबर २०१८ रोजी मेगाब्लॉक घेऊन पाडला. नवा पूल वाहनांसाठी खुला झाला २५ जानेवारी २०२१ रोजी. मधली दोन वर्षं कल्याण-शीळ रस्त्यावरून जाणाऱ्यांनी काय सोसलं ते त्यांनाच विचारावं. आता समजा, एखाद्या परीक्षकाने असा प्रश्न काढला (पुढचे पर्याय मी रचलेले आहेत):

नवा पूल सुरू झाल्यानंतरच्या महिन्यात त्या रस्त्यावरची वाहतूककोंडी कमी झाली. म्हणजे पुलामुळे कोंडी सुटली. या निष्कर्षाला सर्वाधिक बळकटी कशाने मिळते?

(अ) पुलाचा गर्डर बसवण्यासाठी रेल्वेला अनेक ब्लॉक घ्यावे लागले.
(ब) पूल सुरू होण्याआधीच्या आणि नंतरच्या महिन्यात त्या रस्त्यावरून धावणाऱ्या वाहनांची संख्या जवळपास सारखीच होती.
(क) एका पाहणीत बहुतेक वाहनचालकांनी नव्या पुलाबद्दल समाधान व्यक्त केलं.
(ड) त्याच महिन्यात जिल्ह्यातल्या इतर रस्त्यांवरचीही कोंडी तितकीच कमी झाली.

(अ) खरं आहे आणि पुलाबद्दलचंच आहे, पण पुलामुळे कोंडी सुटली नसती तरी ब्लॉक घेतलेच असते. (क) मोहात पाडतो. मात्र दोन वर्षं वळसे घालून थकलेला माणूस पूल उघडला एवढ्यानेच सुखावेल, कोंडी सुटो न सुटो. (ड) तर उलटा निघतो. त्यात ‘कोंडी कमी झाली’ हेच शब्द आहेत म्हणून तो बाजूचा वाटतो, पण जिथे पूल बांधलेलाच नाही तिथेही कोंडी तेवढीच घटली असेल, तर कारण दुसरीकडे कुठे तरी असणार. उरतो (ब). नीरस, आकडेवारीचा, पुलाचं नावही न घेणारा. तो एक पळवाट बंद करतो: गाड्याच कमी धावल्या म्हणून रस्ता मोकळा वाटला, असं आता म्हणता येत नाही.

आणि ही पळवाट नुसती कल्पनेतली नाही. तारखा नीट पाहा. पूल २५ जानेवारीला उघडला. करोनाच्या निर्बंधांमुळे मार्च २०२० पासून सर्वसामान्यांना बंद असलेली लोकल १ फेब्रुवारी २०२१ रोजी, ठरावीक वेळांपुरती का होईना, पुन्हा खुली झाली. मधे अवघा एक आठवडा. लोकल बंद असताना डोंबिवली-कल्याणची नोकरदार मंडळी बस, रिक्षा, मोटारी, जे मिळेल त्याने रस्त्यानेच मुंबई गाठत होती. ती पुन्हा रुळांवर गेली की रस्ता मोकळा होणारच. म्हणजे फेब्रुवारीत कोंडी घटलेली दिसली असती तर श्रेय पुलाचं की लोकलचं? दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्यावर नुसत्या आधी-नंतरच्या तुलनेतून हे उकलत नाही. वाहनांची मोजणी लागते.

हे सगळं पाश्चात्त्य परीक्षांतून आपल्याकडे आलं असा समज आहे. परीक्षेचा साचा आला असेल, विचार जुना आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्राचं सुप्रसिद्ध उदाहरण. ते इतकं घासलं गेलंय की त्यातली धार आपल्या लक्षात येत नाही. नैयायिक नुसतं ‘धूर आहे’ यावर थांबत नाहीत. ते दोन जागा दाखवायला सांगतात. एक, जिथे अग्नी असल्याचं आधीच ठाऊक आहे आणि धूरही आहे: स्वयंपाकघर. दुसरी, जिथे अग्नी नाही हे नक्की आहे आणि धूरही नाही: तळं. पहिली सपक्ष, दुसरी विपक्ष. ठाणेकराने विपक्षासाठी मासुंदा तलाव धरावा. तलावावरही धूर दिसत असता तर धुरावरून अग्नी ओळखण्याचा सगळा व्यवहारच संपला असता. पत्री पुलाच्या प्रश्नातला (ड) म्हणजे हाच विपक्ष: जिथे पूल नाही तिथे काय दिसतं ते पाहा.

त्याच परंपरेत उपाधी नावाची एक विलक्षण कल्पना आहे. वाक्य उलटं करून पाहा: अग्नी आहे, म्हणून धूर असणार. हे चुकतं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. धूर यायला लाकूड ओलं असावं लागतं. मधे लपून बसलेली ही ओल म्हणजे उपाधी. सीसॅटमध्ये जिला ‘दडलेलं दुसरं कारण’ म्हणतात, ती हीच. १ फेब्रुवारीची लोकल ही पत्री पुलाच्या दाव्यातली ओल होती. कल्याणकरांना आधारवाडीच्या कचराभूमीवर धूर दिसला की आग लागली हे सांगायला कोणी न्यायशास्त्र शिकवावं लागलं नाही. पण डोंबिवली एमआयडीसीतल्या धुराड्यातून निघणारा पांढरा लोट पाहून ‘आग लागली’ म्हणून फोन करणाऱ्याची गफलत निराळी असू शकते. तो लोट वाफेचाही असेल. तिथे हेतूच, म्हणजे ज्यावरून अनुमान करायचं तो धूरच, असिद्ध; पुढचं अनुमान करण्याचं कारणच नाही.

विपक्ष मुद्दाम तयार करता येतो हे मुंबईने फार पूर्वी पाहिलं आहे. १८९७ च्या सुरुवातीला प्लेग शहरात असताना वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या तुरुंगात स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांना आपली लस टोचली. बाकीचे कैदी बिनटोचलेले राहिले. छप्पर एक, अन्न एक, साथ एक. मग दोन्हींकडचे रुग्ण आणि मृत्यू मोजले. टोचून घेतलेले तेवढे बरे राहिले एवढंच सांगितलं असतं, तर तो फडके रोडवरचा फ्लेक्स झाला असता.

दाव्याचा आकार पाहणं हाही या कौशल्याचाच भाग आहे, आणि क्लासमध्ये त्यावर फारच कमी वेळ दिला जातो. २०२० च्या टाळेबंदीत ठाणे खाडीतल्या गुलाबी रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे घरोघरी मोबाइलवर पोहोचले. टाळेबंदीमुळे फ्लेमिंगो आले, असं सगळीकडे म्हटलं जाऊ लागलं. पण फ्लेमिंगो खाडीत उतरायला लागतात ते हिवाळ्याच्या सुरुवातीला, आणि मे-जूनपर्यंत राहतात. टाळेबंदी लागली २५ मार्चला. म्हणजे पाहुणे घरात येऊन बसल्यावर दार उघडलं असं म्हणण्यापैकीच हे झालं. मात्र दावा जरा लहान केला, की टाळेबंदीत माणसांचा वावर थांबल्याने आधीच आलेले पक्षी किनाऱ्याच्या अधिक जवळ वावरले, तर तारखांची अडचण राहत नाही आणि ते फोटो थोडेफार उपयोगी पडतात. पुरावा तोच. मोठ्या दाव्याला तो पुरत नव्हता, लहानाला चालतो.

आता अशा उदाहरणाकडे वळू, जिथे पर्याय कोणी रचलेले नाहीत.

९ जून २०२५ रोजी सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी लोकलमधून रुळांवर पडले. चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. पहिल्या काही तासांत बातम्यांमध्ये पुष्पक एक्स्प्रेसचं नाव फिरत होतं. मग स्पष्ट झालं की दोन लोकल विरुद्ध दिशांनी एकमेकींच्या शेजारून जात होत्या. त्यानंतर दोन स्पष्टीकरणं उभी राहिली. रेल्वेच्या बाजूने सांगितलं गेलं की दारातल्या प्रवाशांच्या पाठीवरच्या सॅक एकमेकींना घासल्या. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये लोहमार्ग पोलिसांनी व्हीजेटीआयच्या तांत्रिक अहवालाचा आधार घेऊन गुन्हा नोंदवला. त्यातला आरोप रुळांच्या देखभालीतल्या हलगर्जीचा होता: काही दिवस आधी तिथे रुळाचं काम झालं, ते नीट पुरं केलेलं नव्हतं. दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवायचं आहे. इथे बघायचं ते इतकंच, की कोणतं विधान कोणत्या बाजूला जातं.

‘गाड्यांत प्रचंड गर्दी होती, लोक दाराबाहेर लटकत होते.’ याबद्दल वादच नाही, आणि म्हणूनच या भांडणात ते विधान कोणाच्याही कामाचं नाही. दोन्ही स्पष्टीकरणं गर्दी गृहीत धरूनच चालतात. चर्चेत सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं विधान बहुधा हेच होतं.

‘त्या वळणावर रोज असेच लोक लटकतात, रोज अशाच सॅक असतात.’ याने पहिलं स्पष्टीकरण अडचणीत येतं. जे रोज असतं त्यावरून त्याच दिवशी काय झालं हे सांगता येत नाही, त्या दिवशी वेगळं काय होतं ते विचारावं लागतं. पण ते पुरतं खोडलंही जात नाही. फार क्वचित घडणारी गोष्ट कधी तरी, कोणत्या तरी एका सोमवारी-मंगळवारी घडतेच, आणि त्या दिवशी बाकी काहीच वेगळं नसू शकतं.

‘काही दिवस आधी रुळाचं काम झालं होतं.’ हे दुसऱ्या बाजूला जातं, पण नुसतं एवढंच असेल तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली असंही म्हणता येईल. त्याला वजन यायचं तर आणखी काही लागतं. कामानंतर आणि दुर्घटनेआधी तिथून गेलेल्या गाड्याही त्याच जागी हिसका खात होत्या का? रुळांच्या पातळीतला फरक मोजला असेल, तर तेवढ्या फरकाने डबा किती कलतो आणि दोन गाड्यांमधलं अंतर किती घटतं? याची उत्तरं कामाच्या आरोपाला बळ देऊ शकतात किंवा काढूनही घेऊ शकतात. उलट, रूळ अगदी समतल असतानाही त्या वळणावर दोन डब्यांमधली जागा एका फुगलेल्या सॅकला पुरत नाही असं मोजमाप निघालं, तर पहिली बाजू भक्कम होते. पुरावा मागायचा तर असा, जो एका बाजूला गेला की दुसरीचं काही तरी हिरावून घेतो.

क्लासमध्ये एक ठोकताळा सर्रास दिला जातो: ‘सर्व’, ‘फक्त’, ‘कधीच नाही’ असे टोकाचे शब्द असलेला पर्याय खोडा. निष्कर्ष काढायला सांगणाऱ्या प्रश्नात हा सल्ला ठीक आहे, तिथे उताऱ्यापलीकडे जायची मुभा नसते. बळकटी देणाऱ्या पर्यायाला तो लावणं म्हणजे शुद्ध नुकसान. ‘त्या वळणावरून आठवडाभर गेलेली प्रत्येक गाडी हिसका खात होती’ हे विधान टोकाचं आहे, पण ते खरं मानायचं असं परीक्षकानेच सांगितलंय, मग ते जितकं टोकाचं तितकं अधिक कामाचं. याच्या नेमकी उलट चूक म्हणजे बरोबर पर्याय ‘याने दावा कुठे सिद्ध होतो?’ म्हणून नाकारणं. सिद्धता कोणी मागितलेली नसते. दावा आधी होता त्याहून थोडा जास्त विश्वासार्ह झाला, तरी पुरे.

मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर रेल्वेने जाहीर केलं की बिगर-वातानुकूलित लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवणार. त्यामागचा दावा: दरवाजे बंद राहिले की मृत्यू घटतील. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ या एका वर्षात २५९० माणसं गेली, म्हणजे रोजची सात. हा आकडा मुंबई उच्च न्यायालयासमोरही आला. त्यात सर्वांत मोठा वाटा गाडीतून पडणाऱ्यांचा नाही, रूळ ओलांडणाऱ्यांचा आहे. यावरून काही जण लगेच म्हणतात, मग दरवाजे काय कामाचे? तसं ठरत नाही. ‘पडून होणारे मृत्यू घटतील’ या दाव्याला रूळ ओलांडणाऱ्यांचा आकडा स्पर्शही करत नाही. ‘एकूण मृत्यू निम्म्यावर येतील’ असा दावा असेल, तर मात्र त्याच आकड्याने तो कोसळतो.

‘एसी लोकलमधून कोणी पडत नाही’ हे दरवाज्यांच्या बाजूचं आवडतं विधान. त्यात थोडी ओल आहेच: एसीचं तिकीट महाग, त्यामुळे तिच्या गर्दीची साध्या लोकलच्या गर्दीशी बरोबरी धरता येत नाही. साध्या भाड्याच्या, बंद दाराच्या गाड्या डोंबिवलीच्या सकाळच्या गर्दीत धावू लागल्या की खरी तुलना करता येईल. त्या वेळी पडणाऱ्यांचा आकडा घटलेला दिसणं जवळपास नक्की, दार बंद असल्यावर पडणार कुठून? पण तो आकडा हातात घेऊन कोणी ‘दरवाज्यांनी जीव वाचवले’ म्हणाला, तर त्याच्याकडे आणखी तीन आकडे मागावे लागतील. दार बंद व्हायला लागणाऱ्या वेळामुळे गर्दीच्या तासातल्या फेऱ्या कमी झाल्या का. गाडीत शिरताच न आल्याने फलाटावर अडकलेल्यांपैकी किती जण रूळ ओलांडून दुसऱ्या फलाटावर गेले. आणि त्याच वर्षी ठाणे-कल्याण पट्ट्यात दारं न बदललेल्या गाड्यांमधून पडणारे किती होते.